युरोपीय गोल्फ : मुक्काम की पायरी?

१६ नोव्हेंबर २०२५. दुबईतील जुमेरा गोल्फ इस्टेट्सच्या अर्थ कोर्सवर मोसमाची अखेरची स्पर्धा संपत आली होती. अठराव्या होलवर रॉरी मॅक्लरॉयने ईगल साधून मॅट फिट्झपॅट्रिकला गाठले आणि प्लेऑफ ओढवून आणला. प्लेऑफमध्ये मात्र मॅक्लरॉयचा चेंडू पाण्यात गेला आणि फिट्झपॅट्रिकने २०१६ व २०२० पाठोपाठ तिसऱ्यांदा डीपी वर्ल्ड टूर चॅम्पियनशिप जिंकली. तरीही संध्याकाळी दुसरा एक करंडक मॅक्लरॉयच्याच हाती आला. संपूर्ण मोसमातील सर्वाधिक गुणांसाठी दिला जाणारा हा मान त्याने सातव्यांदा मिळवला होता. सेव्ह बायेस्टेरॉसला हा मान सहा वेळा लाभला होता. आता मॅक्लरॉयच्या पुढे केवळ कॉलिन माँटगोमेरी उरला आहे. त्याच्या नावावर आठ आहेत.

कोणत्याही संयोजकाने याहून सुखद शेवटाची कल्पना केली नसती. एप्रिलमध्ये मॅक्लरॉयने ऑगस्टा येथे जस्टिन रोझला प्लेऑफमध्ये हरवून मास्टर्स जिंकली आणि चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारा तो इतिहासातील सहावा गोल्फपटू ठरला. सप्टेंबरमध्ये आयर्लंडच्या के क्लबवर त्याने शेवटच्या होलवर ईगल साधला आणि योआकिम लागरग्रेनला प्लेऑफच्या तिसऱ्या होलवर नमवून आयरिश ओपन पटकावली. त्याच महिन्याअखेर न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅक कोर्सवर युरोपच्या संघाने अमेरिकेला तिच्याच अंगणात १५-१३ असे हरवून रायडर करंडक राखला. यशाच्या मोजपट्टीवर युरोपीय गोल्फचा इतका भरघोस मोसम अलीकडच्या काळात झालेला नाही.

तरीही या मोसमाचा ताळेबंद मांडताना एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या संस्थेच्या नावावर हे यश जमा होते, ती युरोपीय टूर, अर्थात आजची डीपी वर्ल्ड टूर, गोल्फपटूंचा मुक्काम आहे की अमेरिकेकडे जाणाऱ्या वाटेवरची एक पायरी? प्रश्न युरोपचा वाटला, तरी या टूरने भारताला आपल्या वेळापत्रकात जे स्थान दिले आहे ते पाहता त्याच्या उत्तराशी आपलाही संबंध पोचतो.

युरोपीय टूरची स्थापना १९७२ मधली. प्रारंभी ती नावाप्रमाणे युरोपपुरतीच होती. १९८२ मध्ये ट्युनिशियात स्पर्धा भरवून तिने युरोपबाहेर पाऊल टाकले. १९८९ मध्ये दुबई डेझर्ट क्लासिक सुरू झाली. युरोपातील हिवाळ्यात खेळता येत नाही, म्हणून उन्हाच्या प्रदेशात जायचे, एवढाच त्या वेळचा साधा हिशेब होता. पुढे हिशेब बदलला. युरोपातील पुरस्कर्ते आटत गेले आणि आखाती देश, चीन व दक्षिण आफ्रिका यांच्या आधाराने वेळापत्रक उभे राहू लागले. २००९ मध्ये वर्षभराच्या गुणतक्त्यालाच 'रेस टू दुबई' असे नाव देण्यात आले. त्याच वर्षी जागतिक मंदीची झळ दुबईला लागली आणि जाहीर झालेली एक कोटी डॉलरची बक्षीस रक्कम पाऊण कोटीवर आणावी लागली. एकाच आश्रयदात्यावर विसंबण्याचा धोका इथे पहिल्यांदा दिसला. पण धडा घेण्यासाठी दुसरा पर्याय हाताशी असावा लागतो. तो नव्हता. २०२२ च्या मोसमापासून टूरने आपले नावच दुबईच्या बंदर कंपनीला दिले. न्हावा-शेवा बंदरातील कंटेनर टर्मिनलमुळे आपल्याकडे परिचित असलेली डीपी वर्ल्ड ती हीच.

२०२५ च्या मोसमाची आखणी पाहिली की या बदलाचा आवाका ध्यानात येतो. किमान ४२ स्पर्धा, २६ देश. मोसम सुरू झाला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे. पुढे आफ्रिका, आखात, सिंगापूर, भारत, चीन असा प्रवास करून टूर वसंत ऋतू सरता सरता युरोपात पोचली. शरद ऋतूत पुन्हा आशियात उतरून तिने आखातात शेवट केला. सर्वाधिक बक्षिसांच्या ज्या पाच स्पर्धांना 'रोलेक्स सिरीज' म्हणतात, त्यांपैकी तीन संयुक्त अरब अमिरातीत झाल्या. ब्रिटनच्या वाट्याला दोन आल्या, तर युरोप खंडाच्या मुख्य भूमीवर एकही झाली नाही. टूरला आजही 'युरोपीय' म्हणायचे ते तिच्या मुख्यालयामुळे आणि रायडर करंडकामुळे.

या स्थलांतरात गैर काही नाही. क्रिकेटचा कारभार लंडनच्या लॉर्ड्सवरून दुबईला गेला तेव्हा आपण हळहळलो नव्हतो. प्रश्न भूगोलाचा नसून या फिरस्तीतून तयार होणारे खेळाडू शेवटी कोणाच्या पदरात पडतात, याचा आहे.

मार्को पेंज या इंग्लिश खेळाडूची कथा त्या दृष्टीने बोलकी आहे. २०२४ चा मोसम संपताना त्याचे कार्ड, म्हणजे टूरवर खेळण्याचा परवाना, कसेबसे वाचले. पाठोपाठ गोल्फवर पैजा लावल्याबद्दल त्याच्यावर तीन महिन्यांची बंदी आली. त्यातील एक महिना स्थगित ठेवण्यात आला. बंदी संपवून परतलेल्या पेंजने एप्रिलमध्ये चीनमधील हैनान क्लासिक जिंकली, ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधील आणि ऑक्टोबरमध्ये स्पॅनिश ओपनही. वर्षअखेरच्या तक्त्यात मॅक्लरॉयच्या खालोखाल त्याचे नाव होते. शिक्षा भोगलेल्या, परवाना गमावण्याच्या काठावरून परतलेल्या माणसाला वर्षभरात जगातल्या अग्रगण्य खेळाडूंत नेऊन बसवणे हेच एखाद्या टूरचे खरे काम. ते तिने चोख केले.

आणि त्याचे फळ? पेंजला अमेरिकेच्या पीजीए टूरचे कार्ड मिळाले. नॉर्वेचा क्रिस्टोफर रायटन आणि चीनचा ली हाओटाँग यांनाही. २०२३ च्या मोसमापासून लागू झालेल्या व्यवस्थेनुसार, युरोपीय तक्त्यातील ज्यांच्याकडे अमेरिकेचे कार्ड नाही अशा पहिल्या दहा जणांना ते दरवर्षी देण्यात येते. टूरचे अधिकारी हे कार्ड पारितोषिक म्हणून मिरवतात. खेळाडूंच्या बाजूने पाहता ते पारितोषिकच आहे. पण जी संस्था मोसमाअखेर आपल्या सर्वोत्तम दहा जणांना समारंभपूर्वक दुसऱ्याच्या घरी पाठवते, तिने स्वतःला मुक्काम म्हणवून घ्यावे काय?

ही व्यवस्था कशी आली, हे आठवणे आवश्यक आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये पीजीए टूरने युरोपीय टूरच्या दूरचित्रवाणी निर्मिती कंपनीत १५ टक्के वाटा घेतला. जून २०२२ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या पैशावर 'लिव्ह गोल्फ' ही बंडखोर लीग सुरू झाली. प्रचंड रकमांच्या या लीगपुढे उभे राहण्याची ऐपत युरोपीय टूरकडे नव्हती. सौदी पैसा घ्यायचा की अमेरिकेचा हात धरायचा, असा पेच पडला आणि टूरने अमेरिकेचा हात धरला. अमेरिकेचा वाटा ४० टक्क्यांवर गेला, सहकार्याचा करार २०३५ पर्यंत वाढला, बक्षिसांच्या रकमेत दरवर्षी वाढीची हमी मिळाली. दहा कार्डे हा त्याच सौद्याचा भाग.

त्या वेळी टूरने जे गमावले तेही थोडे नव्हते. परवानगीविना लिव्हमध्ये खेळणाऱ्यांना दंड करण्याचा टूरचा अधिकार एप्रिल २०२३ मध्ये लवादाने मान्य केला. निकाल टूरच्या बाजूने लागला खरा, पण महिनाभरात ली वेस्टवूड, इयान पोल्टर आणि सर्जिओ गार्सिया यांनी सदस्यत्वाचे राजीनामे दिले. रायडर करंडकाच्या दोन पिढ्यांच्या आठवणी ज्यांच्या नावाशी जोडलेल्या, ती माणसे एका फटक्यात बाहेर गेली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये जॉन राम आणि त्यानंतर टायरेल हॅटनही लिव्हमध्ये गेले. मात्र दंडाविरुद्ध अपील दाखल करून त्यांनी टूरशी असलेला दुवा तुटू दिला नाही. त्या अपिलाच्या सावलीतच हॅटनने जानेवारी २०२५ मध्ये दुबई डेझर्ट क्लासिक जिंकली आणि सप्टेंबरमध्ये दोघेही युरोपच्या संघात होते. टूरला त्यांच्यावर कारवाईही करायची होती आणि त्यांच्यावाचून भागतही नव्हते. तत्त्व आणि गरज यांची अशी कुचंबणा २०२५ चा मोसम संपला तरी सुटलेली नव्हती. तिन्ही पक्षांनी ६ जून २०२३ रोजी जाहीर केलेल्या समझोत्याच्या आराखड्याचे अंतिम करारात रूपांतर तोवर झालेले नव्हते.

पैशापलीकडे काही उरले आहे काय, याचे उत्तर बेथपेजने दिले. यजमान अमेरिकी संघातील प्रत्येकाला या वेळी पाच लाख डॉलर देण्यात आले. त्यांतील तीन लाख धर्मादाय कामासाठी. युरोपचे खेळाडू प्रथेप्रमाणे एक पैसाही न घेता खेळले. ल्यूक डोनाल्डच्या संघातील बारापैकी अकरा जण दोन वर्षांपूर्वी रोममध्ये जिंकलेलेच होते. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी साडेअकरा विरुद्ध साडेचार अशी आघाडी घेतली. अखेरच्या दिवशी अमेरिकेने जोरदार मुसंडी मारली, पण तोवर उशीर झाला होता. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी मॅक्लरॉयवर शिव्यांची लाखोली वाहिली, त्याला तो पुरून उरला. या बारा जणांपैकी बहुतेकांचा वर्षाचा मोठा भाग अमेरिकेत जातो. तरीही दोन वर्षांतून एकदा ते युरोपचे होतात आणि त्यासाठी टूरचे सदस्यत्व व ठरावीक स्पर्धांचे बंधन स्वीकारतात. टूरच्या तिजोरीलाही या करंडकाचा मोठा आधार आहे. तेव्हा टूरचा प्राण रायडर करंडकात आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. पण दोन वर्षांतून तीन दिवस धडधडणाऱ्या हृदयावर वर्षभराचा संसार चालवणे सोपे नसते.

मॅक्लरॉयचे सातवे अजिंक्यपदही त्याच प्रकाशात पाहायला हवे. तो या टूरवर मोजक्याच स्पर्धा खेळला. गुणतक्त्यात चारही प्रमुख स्पर्धा धरल्या जातात आणि त्यांचे, तसेच रोलेक्स सिरीजचे वजन भारी असते. त्यामुळे आठवड्यामागून आठवडा केनियापासून कोरियापर्यंत फिरणाऱ्या सामान्य सदस्याला त्याच्याशी बरोबरी करणे जवळपास अशक्य. यात मॅक्लरॉयचा दोष नाही. उलट इतर ताऱ्यांच्या तुलनेत त्याने घरच्या टूरशी इमान राखले आहे. पण सलग चार वर्षे तोच विजेता ठरणे हे त्याच्या थोरवीचे जसे लक्षण, तसेच टूरवर पूर्णवेळ राहणाऱ्यांत त्याच्या तोडीचा कोणी टिकत नाही, याचेही. कारण जो टिकू शकला असता, त्याला आदल्या वर्षीच अमेरिकेचे तिकीट मिळालेले असते.

या टूरचा दिल्लीतील मुक्काम ऑक्टोबरमध्ये झाला. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर पहिली डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप खेळली गेली. मध्ययुगीन कबरी व घुमट कुशीत घेऊन बसलेला, दोन्ही बाजूंनी दाट झुडपांनी आवळलेला हा कोर्स ताकदीपेक्षा संयमाची परीक्षा घेतो. मॅक्लरॉयसारख्या लांब पल्ल्याच्या खेळाडूनेही इथे ड्रायव्हर बाहेर काढला नाही. बक्षिसाची रक्कम ४० लाख डॉलर होती. टॉमी फ्लीटवूडने पारपेक्षा २२ फटके कमी घेत ती जिंकली आणि ६ लाख ८० हजार डॉलर, म्हणजे सुमारे सहा कोटी रुपये, मिळवले. ज्या खेळाडूंना आपण केवळ पडद्यावर पाहत आलो, ते लोधी रोडच्या परिसरात चार दिवस हाताच्या अंतरावर होते. कौतुक वाटावे असाच हा प्रसंग होता.

दुसरे नाव मात्र अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहे. दिल्लीत उपविजेता ठरला जपानचा केइता नाकाजिमा. गुरुग्राम येथे २०२४ ची इंडियन ओपन त्यानेच जिंकली होती. मार्च २०२५ मध्ये तीच स्पर्धा स्पेनच्या युजेनियो चाकाराने जिंकली, तेव्हाही दुसरा नाकाजिमाच. म्हणजे भारतीय भूमीवर या टूरच्या लागोपाठ तीन स्पर्धांत एक जपानी खेळाडू पहिला, दुसरा आणि पुन्हा दुसरा आला. आपल्या खेळाडूंपैकी कोणालाही या तिन्हींत विजय मिळाला नाही.

चाकाराची कथाही जाता जाता सांगायला हवी. २०२२ मध्ये बँकॉकमधील लिव्हच्या एकाच विजयाने त्याला ४७ लाख ५० हजार डॉलर मिळाले होते. करार संपल्यावर तो निमंत्रणावर इंडियन ओपन खेळला आणि ३ लाख ८२ हजार ५०० डॉलरसाठी जिंकला. या छोट्या रकमेबरोबर त्याला टूरचे पूर्ण सदस्यत्वही मिळाले. बँकॉकच्या भल्यामोठ्या धनादेशाने जे दिले नव्हते ते गुरुग्रामने दिले. पायरीलाही किंमत असते ती अशी.

भारतीयांना या पायरीने एके काळी भरभरून दिले आहे. १९९८ मध्ये जीव मिल्खा सिंग युरोपीय टूरचा पहिला भारतीय सदस्य झाला. अर्जुन अटवालने २००२ मध्ये सिंगापूर मास्टर्स जिंकून पहिला विजय नोंदवला. २००६ मध्ये जीवने व्हॅल्डेरामा येथे वॉल्वो मास्टर्स जिंकली. कोलकात्यातील रॉयल कलकत्ता क्लबच्या हिरवळीची निगा राखणाऱ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया याने या टूरच्या चार स्पर्धा जिंकल्या. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बन लाहिरीने २०१५ मध्ये मलेशियन आणि इंडियन ओपन जिंकून त्याच वर्षी अमेरिकेतील पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवे स्थान मिळवले. शुभंकर शर्माने २०१७ च्या अखेरीस जोहान्सबर्ग आणि दोनच महिन्यांनी मलेशिया जिंकले. ऑगस्ट २०१८ मध्ये गगनजीत भुल्लर फिजीत विजयी झाला. आणि तिथे ही यादी थांबते. त्यानंतर २०२५ चा मोसम संपेपर्यंत एकाही भारतीयाला या टूरवर विजय मिळालेला नाही. सात वर्षे हा लहान काळ नव्हे.

वाट मात्र या काळात बंद झालेली नाही. २०२३ पासून प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडियाच्या, म्हणजे पीजीटीआयच्या, वार्षिक तक्त्यातील अव्वल खेळाडूला युरोपीय टूरचे कार्ड थेट मिळते. ओमप्रकाश चौहान, वीर अहलावत आणि युवराज संधू यांना ते अनुक्रमे मिळाले. दार उघडले आहे. आत गेल्यावर टिकणे अवघड आहे. नव्या सदस्याला मोठ्या स्पर्धांत प्रवेश मिळत नाही. वर्षभर खंड ओलांडत विमानभाडे, हॉटेल, कॅडीचे मानधन यांचा भार स्वतःच उचलायचा असतो. दोन दिवसांनंतरच्या छाटणीत नाव गळाले की त्या आठवड्याची कमाई शून्य. जपानच्या खेळाडूपाठी सधन देशांतर्गत टूर असते. आपल्या खेळाडूपाठी बहुधा कुटुंब आणि एखादा पुरस्कर्ता असतो.

अशा वेळी देशात एकदिलाने काम होणे अगत्याचे होते. घडले उलटेच. २०२५ मध्ये इंडियन गोल्फ प्रीमियर लीग हा नवा मंच उभा राहिला. काही नामवंत खेळाडू तिकडे गेले आणि जुन्या व नव्या मंचांत सहकार्याऐवजी ओढाताण सुरू झाली. जगाच्या पातळीवर तीन-साडेतीन वर्षे चाललेल्या भांडणाची ही छोटी देशी आवृत्ती. अमेरिका आणि सौदी अरेबियाकडे भांडण परवडण्याइतका पैसा तरी आहे. आपल्याकडे दोन टूर पोसण्याइतके खेळाडूही नाहीत आणि मैदानेही नाहीत.

मैदानांचा मुद्दा तर मुळाशीच आहे. दिल्लीतील कोर्स असो वा मुंबईतील विलिंग्डन आणि चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी, आपले बहुतेक कोर्स सभासदांचे क्लब आहेत किंवा लष्कराचे. सामान्य घरातील मुलगा तिथे शिरतो तो बहुधा कॅडी म्हणून किंवा माळ्याचा मुलगा म्हणून. चौरसिया त्याच दारातून आला. त्याचे यश जितके थोर, तितकेच ते व्यवस्थेच्या उणिवेवर बोट ठेवणारे आहे. चार दिवसांच्या स्पर्धेसाठी ४० लाख डॉलर उभे करता येतात, पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला शनिवारी सकाळी माफक शुल्कात खेळता येईल असा सार्वजनिक कोर्स महानगरांत शोधावा लागतो, ही विसंगती केवळ बक्षिसांनी दूर होणार नाही. पाहुणे येतील, खेळतील, जिंकतील आणि पुढच्या विमानाने निघून जातील.

तेव्हा सुरुवातीचा प्रश्न पुन्हा. युरोपीय टूर मुक्काम की पायरी? २०२५ च्या मोसमाने दिलेले उत्तर असे, की अमेरिकेच्या तुलनेत ती पायरी आहे आणि उरलेल्या जगाच्या दृष्टीने अजूनही मुक्काम. पीजीए टूरच्या एकेका 'सिग्नेचर' स्पर्धेचे बक्षीस दोन कोटी डॉलर असते; दिल्लीच्या पाचपट. या स्पर्धेत युरोप जिंकू शकत नाही आणि तसा प्रयत्न करण्यातही अर्थ नाही. पण बंदी भोगून आलेल्या पेंजला, करार संपलेल्या चाकाराला, भारतातल्या कोर्सवर घडलेल्या नाकाजिमाला दुसरी संधी देणारी टूर जगात दुसरी नाही. पायरी असण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. फक्त ती कोणाच्या पायाखाली आहे, हे पाहायला हवे.

ती आपल्या पायाखाली यावी असे वाटत असेल, तर करंडकाशेजारी छायाचित्रे काढून घेण्याआधी भारतीय गोल्फच्या धुरिणांनी एवढे एक ठरवावे : २०१८ नंतरचा पहिला भारतीय विजेता घडवण्याची जबाबदारी आपली आहे, पाहुण्यांची नाही.